सुई लागली

गुडघ्यात इंजेक्शन घ्यायचं ठरलं तेव्हा दुखेल का, हे मी डॉक्टरांना विचारलंच नाही. मी विचारलं, "अँटिबायोटिक देणार ना?"

डॉक्टर हसले. पनवेलच्या बाजारामागे दवाखाना, वय तरुण, बोलणं गोड. म्हणाले, "मावशी, लोक गोळ्या नकोत म्हणून भांडतात. स्टिरॉइडच्या इंजेक्शननंतर सरसकट अँटिबायोटिक देत नाहीत. जंतू आत जाण्याची शक्यता फार कमी असते."

"कमी म्हणजे नाहीच असं नाही ना?"

त्यांनी माझा साखरेचा रिपोर्ट पुन्हा पाहिला आणि थोड्या दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. "साखर आहे म्हणून देतोय, आणि थोड्या तुमच्या समाधानासाठी. पण गोळ्या चालू आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. गुडघा लाल झाला, तापला, अंगात ताप आला, तर लगेच या."

समाधानासाठी तर समाधानासाठी. माझी आई अशाच एका सुईनंतर गेली, हे त्यांना सांगत बसले नाही.

माहेर आमचं आगरी, उरणकडच्या खाडीकाठचं. मिठागरात राबून आईचा गुडघा कामातून गेला होता. बाबांनी गावदेवीला नवस बोलला, सुई लागू दे, हिला पायांनी चालवत आणून नारळ फोडतो. सुई देऊन आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "सुय लागली मना. जाम लागली."

आता लागणं म्हणजे काय नाही? औषध लागतं तेव्हा गुण येतो. दगड लागतो तेव्हा रक्त येतं. तिन्हीसांजेला खाडीवरून एकटं आलं तर भूतही लागतं. बाबांनी त्यातला आपल्याला हवा तो अर्थ उचलला. मला सासरी सुकापूरला फोन करून खुशीत म्हणाले, "सुय लागली तिला. आता बरी होल." गुडघा तापलाय, हेही त्यांनीच कौतुकाने सांगितलं. तापला म्हणजे औषध आत काम करतंय. शेजारणींनीही माना डोलावल्या.

नवस फेडायला उशीर कशाला, म्हणून आईला दोन्ही दंडांना धरून देवळात नेलं. नारळ फुटला, खोबरं वाटलं. आई पायरीवर बसली ती उठेना. मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत जंतूंचं विष रक्तात भिनलं होतं.

त्यानंतर बाबांनी तो शब्द टाकलाच. भूक लागली म्हणत नसत, वाढ म्हणत. तहान लागली म्हणत नसत, पाण्याकडे बोट करत. घरात कुणी 'ठेच लागली' म्हटलं तरी उठून ओटीवर जाऊन बसत. त्यांना जाऊनही बरेच दिवस झाले.

माझ्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी गुडघा आधीपेक्षा जास्त ठणकू लागला. चेहराही लालबुंद. आमचे हे जन्माने शहरी, पेपरातलं आरोग्याचं पान रोज वाचतात, त्यामुळे अर्धे डॉक्टरच. चहाचा कप पुढे करत म्हणाले, "दुखतंय म्हणजे लागू पडतंय."

आवाज यांचा होता, वाक्य बाबांचं. चहा तसाच निवला. मी गोळी घेतली आणि एकदा या गुडघ्यावर, एकदा त्या गुडघ्यावर तळवा ठेवून बघत बसले. दुपारपर्यंत गुडघा गरम आहे की माझा हातच, तेही कळेना. मी घाबरले होते. समोरच्या भिंतीपाशी आई उभी आहे, पाय पुढे करून, आणि मला काहीतरी सांगते आहे, असं सारखं वाटत होतं.

"मला दवाखान्यात न्या."

"अगं, गोळ्या चालू आहेत की."

"न्या म्हटलं ना."

डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला, ताप मोजला. जंतूचं काही लक्षण नव्हतं. औषधानेच कधीकधी सांधा असा चिडतो, म्हणाले, चेहराही त्यानेच लाल होतो, सगळं आपोआप बसेल. बसलंही. गोळ्या मात्र मी सांगितल्याप्रमाणे पुऱ्या घेतल्या. आता जिना चढते, बाजारात जाऊन येते. तळवा तेवढा अजून आपोआप गुडघ्यावर जातो.

गेल्या मंगळवारी हे म्हणाले, "चल, तुझ्या गावदेवीला नारळ फोडून येऊ. आता चालता येतंय तुला."

देवीवर माझा राग नाही. चप्पल घालायला उठलेसुद्धा. पण दारापर्यंत जाऊन परत फिरले.

"तुम्ही जाऊन या," म्हटलं. "मी बसते."

"बरं, तू बस," म्हणाले, आणि नारळ पिशवीत टाकून एकटेच निघाले. मी पाय लांब करून पलंगावर बसले आणि खूप रडले. आईला एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं, तू बस, आम्ही जाऊन येतो.