आक्काची पाठ टीव्हीकडे

प्रिय इरा आणि नील,

आठ दिवसांपूर्वी, रविवारी पहाटे साडेपाचच्या एसटीने मी स्वारगेटहून बारामतीला निघाले. पिशवीत दोन साड्या, शाल आणि आक्काच्या जुन्या तपासण्यांची, तारखेप्रमाणे लावलेली फाईल होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती इंदापूर तालुक्यातल्या कळस गावी राहते. वय शहात्तर. शनिवारी बारामतीच्या डॉक्टरांनी तिच्या हृदयाची पट्टी (ईसीजी) काढली आणि सांगितले की लक्षण चांगले नाही, उद्या सकाळीच दाखल व्हा. संध्याकाळी तिच्या मुलाचा, बाळूचा, मला फोन आला.

"मावशी, आई दवाखान्यात यायला तयार न्हाय. म्हनती, उद्या किरकेटची म्याच हाय. तूच ये. तुझं ऐकंल ती."

तिने माझे आयुष्यात कधी ऐकलेले नाही, हे मी बाळूला सांगितले नाही.

गाडीत थंडी होती. काचेबाहेर धुके आणि आत कुणाचा तरी मोबाइल सारखा वाजत होता. प्रत्येक वेळी मला वाटे, माझाच आहे आणि बाळूचाच आहे. कंडक्टरने तिकीट देताना विचारले, "आजी, आज म्याच सोडून कुठं?"

"बहिणीकडे. तिला दवाखान्यात न्यायचे आहे."

"मग लवकर न्या. धा वाजल्यानंतर रस्त्यावर कुत्रं बी दिसायचं न्हाय," तो म्हणाला आणि पुढे गेला. त्याने धीर दिला की भीती घातली, मला ठरवता आले नाही.

आठ वाजता बारामती स्टँडवर बाळू जीप घेऊन उभा होता. त्याने बळेच पोहे खायला लावले. दोन घासांच्या पुढे गेले नाहीत. आधी एमआयडीसीतल्या डेअरीवर दुधाचे कॅन द्यायचे होते, म्हणून तिकडून वळसा घेतला. कामगार मोटारसायकलींवरून येत होते. निम्म्यांनी स्वेटरवरून भारताचा निळा टी-शर्ट चढवलेला. तुमच्याकडे परदेशात सामन्याला निघालेली माणसे असे कपडे घालतात. इथे कामाला निघालेली घालतात. एरवी मला हे पाहून मजा वाटली असती.

भवानीनगरजवळ उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. कारखान्याच्या मळीचा (रस आटवून उरलेल्या काळ्या पाकाचा) आंबूस-गोड वास गाडीत भरला. ट्रॉल्या इतक्या भरलेल्या की एक तर आमच्या अंगावर कलंडतेय असे वाटले. याच रस्त्याने आक्काला घेऊन परत यायचे होते. मी घड्याळ लावून पाहिले. बारामती ते कळस, पन्नास मिनिटे.

आक्का अंघोळ करून, वेणी घालून ओट्यावर बसली होती. चेहरा पिवळट, पण आवाज तोच.

"आलीस व्हय शालन? च्या घे."

"चहा नको. आवर. गाडी उभी आहे."

"आज आपली ब्याटिंग दुसरी हाय. ती झाली की निगू."

"डॉक्टरांनी सकाळी म्हटले होते, आक्का."

"डाक्टर बी म्याचच बघत आसंल."

आता तुम्हाला हे समजण्यासाठी त्या घरातली रीत सांगायला हवी. खूप वर्षांपूर्वी एका सामन्यात आपण हरत आलो होतो. आक्का टीव्हीकडे पाठ करून शेंगा फोडत बसली होती आणि अचानक धावा होऊ लागल्या. मध्ये तिने कौतुकाने वळून पाहिले, तर गडी बाद. पुन्हा पाठ फिरवली, आणि आपण जिंकलो. तेव्हापासून आपली दुसरी फलंदाजी असली की आक्का टीव्हीखाली पाट मांडून, त्याच्याकडे पाठ करून बसते. सगळी आळी तिच्यासमोर बसते. विजयाचा फटका तिने उभ्या जन्मात घडताना पाहिलेला नाही; मागाहून दाखवतात तेव्हा बघते. तिला क्रिकेट कळते ते कानांनी.

मी समजावले. रागावले. फाईल उघडून दाखवली. बाळू तर रडकुंडीलाच आला होता. शेवटी तिने जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांचे पाकीट माझ्या हातात दिले. "हे धर. लागलं तर मागीन."

ते पाकीट मी दिवसभर मुठीतून सोडले नाही.

दुपारी मधल्या सुट्टीत बाजरीची भाकरी आणि सोलाण्याची (हिरव्या हरभऱ्याची) आमटी होती. तेवढ्यात तुमचा तिकडून, सामन्याच्या मैदानातूनच फोन आला. नील, तू हळूच म्हणालास, "आजी, मी इथल्या संघाचा पिवळा टी-शर्ट घातलाय, आक्काआजीला सांगू नकोस." मी सांगितले. ती हसली. "ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. पोराला म्हनावं, जोरात वाजव. आपल्याच्या चौक्याला बी एखादी वाजव म्हनावं." त्या दिवशी ती तेवढी एकदाच हसली. हसताना तिने डावा खांदा दाबून धरला, आणि माझी भाकरी तिथेच राहिली.

आपली फलंदाजी सुरू झाली तेव्हा खोलीत वीसेक माणसे होती. जागा वाटून देण्याचे काम तात्यांचे. तात्या शेजारी राहतात. कारखान्यात बॉयलरवर होते, आता निवृत्त. ते स्वतः चौकटीला टेकून, टोपी गुडघ्यावर ठेवून बसतात. मी नवीन, म्हणजे धोका.

"बाई, तुमी हिकडं बसा," असे म्हणून त्यांनी मला कॉटवर बसवले. तिसऱ्याच चेंडूला गडी बाद झाला. सगळे माझ्याकडे बघू लागले. "उठा. हितं न्हाय चालायचं." मला खिडकीत नेले. आणखी एक बाद. शेवटी आक्काच्या बरोबर समोर, खताच्या पोत्यावर बसवले, आणि मग पुष्कळ वेळ कुणी बाद झाले नाही. "आता हालायचं न्हाय," तात्यांनी बजावले. "पानी लागलं तर हिथंच दिऊ."

चाळीस वर्षे मी मुलांना विज्ञान शिकवले. मी पोत्यावर ताठ बसून राहिले.

त्या खोलीचा विचार करा. वीस माणसे आक्काकडे तोंड करून बसलेली, आणि प्रत्येकाची नजर तिच्या डोक्यावरून पडद्याकडे. ती मात्र मान खाली घालून परातीत सोलाणे सोलतेय. तिच्याकडे बघणारी मी एकटी.

सामना शेवटाला आला. बावीस धावा हव्या होत्या. खोलीत कुणी खोकतही नव्हते. तेव्हा मला दिसले की आक्काचा हात परातीत तसाच थांबला आहे. कपाळावर, ओठावर घाम. जानेवारीच्या थंडीत पदर मानेला चिकटलेला. तिने माझ्याकडे पाहिले. मी उठू लागले तशी तिने डोळ्यांनीच मला दटावले, लहानपणी देवळात दटावायची तसे. हलू नकोस.

आणि मी हलले नाही.

गोळंदाजाने चेंडू टाकला. एक धाव. पुन्हा टाकला. मी मनात म्हटले, एवढे षटक होऊ दे. षटक संपले. म्हटले, पुढचा चेंडू. मी चेंडू मोजत होते, बाळांनो, तिचा श्वास नाही. नऊ चेंडू झाले. मग आक्काच्या हातातला दाणा घरंगळून जमिनीवर गेला आणि तिने तो उचलला नाही. तिने आयुष्यात कधी सांडलेला दाणा तसा सोडलेला नाही. मी उठले.

"ओ बाई! खाली बसा!" तात्या ओरडले. "आत्ता कुठं उठताय?"

"तात्या, आक्काकडे बघा."

वीस माणसांनी मान खाली केली आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले. मी गोळी तिच्या जिभेखाली ठेवली. बाळू "आई, आई" करत पुढे आला, तर तिने त्याचा हात झटकला. दात आवळून म्हणाली, "संपू दे... अठरा ऱ्हायल्यात."

तात्या चौकटीपासून उठले. टीव्हीपाशी गेले आणि त्यांनी सरळ बटण दाबून तो बंद केला. मग दोन्ही हात वर करून ओरडले, "जिकलो! आक्का, जिकलो आपुन!"

मग एकेकाला उमगले. "जिकलो!" कोपऱ्यातून एक ओरडला. मग दुसरा. मग सगळी खोली नाचू लागली. शिट्ट्या वाजल्या, कुणी ताट बडवले, कुणी एकमेकांना उचलले. नाचणाऱ्यांच्या डोळ्यांत मला स्वच्छ भीती दिसत होती. आक्काने त्या सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि बाळूपुढे हात केला. "चल."

जीपमध्ये मागच्या सीटवर तिचे डोके माझ्या मांडीवर होते. तात्या पुढे बसले. पाच-सहा मोटारसायकली आमच्या पुढे निघाल्या, निळे टी-शर्ट, एकाच्या हाती झेंडा. ट्रॉल्यांच्या ड्रायव्हरांना वाटले, विजयाची मिरवणूकच आहे. त्यांनी हॉर्न वाजवत ट्रॅक्टर कडेला घेतले आणि आम्हाला वाट करून दिली. तात्यांच्या खिशात फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. त्यांनी तो काढला नाही. मी आक्काच्या नाकापाशी बोट धरून बसले होते. तो रस्ता किती मिनिटांत संपला ते मला ठाऊक नाही. मी घड्याळ पाहिले नाही.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी विचारले, "छातीत दुखायला कधी लागले?"

"थोडा वेळ झाला," मी म्हणाले.

त्यांनी लगेच आत नेले. दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद होत्या; त्या उघडून आत जाळ्या बसवल्या. आम्ही बाहेर बाकावर बसलो. तात्या टोपी पिळत होते. खूप वेळाने म्हणाले, "बाई, आपुन हारलो. पोरांनी सांगितलं. चार धावांनी." मग पुन्हा, "बंद मीच केला नव्हं. माझ्यामुळंच हारलो." निकाल तुम्हाला तर आमच्या आधीच कळला असेल.

दुसऱ्या दिवशी मला पाच मिनिटे आत सोडले. आक्काच्या नाकात नळी होती. मी तिला काही सांगू नये असे ठरवून गेले होते.

"तात्याला खोटं बोलाय येत न्हाय," तीच म्हणाली. "अठरा हव्या हुत्या. एका बॉलात कशा झाल्या?"

"मग तू उठलीस कशी?"

तिने डोळे मिटले. मला वाटले झोपली. मग म्हणाली, "समद्यांनी म्याच सोडली माझ्यापायी. मग मी एकटी कशी बसून ऱ्हाणार?"

गुरुवारी ती धोक्याबाहेर आहे असे सांगितल्यावर मी परत निघाले. निघण्याआधी डॉक्टरांना भेटले आणि खरी वेळ सांगितली. थोडा वेळ नव्हे. नऊ चेंडू मी समोर बसून पाहत होते. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि एवढेच म्हणाले, "बरे केले सांगितलेत." रागावले असते तर मला बरे वाटले असते.

एसटीत खिडकीपाशी बसून मी हे सगळे मनात नीट लावत आले. आपल्या देशावर असे प्रेम करणारी माणसे मला आवडतात. त्या खोलीत त्यांच्यात बसायला मलाही आवडले होते, हे खोटे कशाला बोलू? पण आता घरी येऊन चार दिवस झाले, रोज सकाळी मी बाळूला फोन करते आणि तो उचलेपर्यंत उभीच असते. आक्का घरी आली आहे. काल तिने विचारले, पुढचा सामना कधी आहे. मी जाणार आहे, तिच्या समोरच बसणार आहे, आणि तिचा हात थांबला की लगेच उठणार आहे. असे मी स्वतःला बजावते. पण तेव्हा दोनच धावा हव्या असल्या, तर मी किती चेंडू थांबेन, याचे उत्तर मला अजून छातीठोकपणे देता येत नाही.

तुमची,
आजी