गलबत परत आलं तेव्हा

जेवणं उरकली, सून रुचिरा ऑफिसच्या कॉलवर बसली, की मुलुंडच्या वनमालाबाई खाटेवर आडव्या व्हायच्या आणि कानात इयरफोन खुपसून गावाला निघायच्या. गाव कुठलंही असो, पुस्तकातलं. रक्तातल्या साखरेने आधी त्यांची नजर पळवली, मग बोटांची जाणीव. वाचनालयातली मोठ्या टायपाची पुस्तकं पुसट होत गेली, ब्रेलचे ठिपके बोटांना लागेनात. उरले कान. वाचनालयवाल्यांनी मोबाइलमध्ये बोलती पुस्तकं भरून दिली आणि बाईंना त्यांची वाचनाची दुपार परत मिळाली.

पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची वाचनालयातली प्रेमा, निव्वळ हौसेने. तिच्या आवाजात भिंती विरघळून जात. मध्येच तिच्या घरचा कुकर शिट्टी देई आणि कादंबरीतल्या राजवाड्यात वरणाचा वास सुटे. बाईंची त्याला मुळीच हरकत नव्हती.

एकदा गलबताची कादंबरी लागली. लग्नाआधी लालबागच्या चाळीत वाचलेली. गलबतावरचा नाखवा वादळात बुडतो आणि त्याची बायको दारातला दिवा मालवते, ते पान बाईंना अजून लख्ख दिसत होतं, उजव्या हाताचं, कोपऱ्यात चहाचा डाग पडलेलं. अशी वाचलेली पानं हीच आता त्यांची इस्टेट होती.

पण प्रेमाच्या आवाजात गलबत परत आलं. नाखवा चक्क घरी येऊन पोटभर जेवला.

बाईंनी पुन्हा लावलं. मेला पुन्हा जेवला! म्हणजे ते पान कधी नव्हतंच? डोळे गेले ते सोसलं, आता डोकंही चाललं? त्यांना घास गोड लागेना. शेवटी रुचिराचा हात धरून त्यांनी वाचनालय गाठलं.

"प्रेमा, खरं सांग गं. नाखवा मरतो ना?"

प्रेमा हळूच म्हणाली, "मरतो, मावशी. शेवट मीच बदलला. ऐकणाऱ्यांना आधीच काय कमी दुःख आहे? म्हटलं, अजून कशाला रडवायचं!"

वनमालाबाईंचा जीव भांड्यात पडला. डोकं शाबूत होतं, पानही शाबूत होतं. आणि मग त्या भडकल्या.

"डोळे गेले म्हणून आम्हाला रडायची पण चोरी? आम्ही काय कुक्कुली बाळं? काढ ते पुस्तक. जसं लिहिलंय तसं वाच, आत्ताच्या आत्ता!"

प्रेमाने पुस्तक काढलं. ती वाचू लागली. वारा सुटला, शीड फाटलं, नाखव्याचा हात लाटेवर दिसला आणि दिसेनासा झाला. बाई त्या किनाऱ्यावर उभ्या होत्या, पायाखालची वाळू सरकत होती. दूर एका दारात दिवा विझला.

वनमालाबाई ढसाढसा रडू लागल्या. प्रेमा थांबली. रुचिरा घाबरून पाणी घेऊन आली, "आई, बरं वाटत नाही का?"

बाईंनी पेला बाजूला सारला.

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या, "मी वाचतेय."