सॅमनची टाकलेली डोकी

ती केस आठवली की निवृत्तीनंतर आजसुद्धा माझं डोकं फिरतं. चोराचा राग येतोच, पण त्याहून जास्त स्वतःचा येतो. चोराने चोरी केली. मी काय केलं? मी शेण खाल्लं, आणि तेही अस्सल मराठीत.

मी मूळचा मालवणचा. शिकायला म्हणून कॅनडात हॅलिफॅक्सला आलो आणि मत्स्य खात्यात अंमलबजावणी अधिकारी झालो. खातं माशांचं असलं तरी काम पोलिसाचंच. कमरेला पिस्तूल, अंगात जाकीट, खिशात नोंदवही आणि अटकेचे अधिकार. मुलगी लहानपणी शाळेत सांगायची, "माय डॅड अरेस्ट्स पीपल फॉर फिश." वर्ग हसायचा म्हणे. हसू दे. ज्यांनी कधी रिकामी नदी बघितली नाही, त्यांना हसायला काय जातंय?

हॅलिफॅक्सपासून काही तासांवर एक सॅमनची नदी आहे. वसंतात बर्फ गेला की समुद्रातून मोठे, चांदीसारखे सॅमन तिच्यात शिरतात. अंडी घालायची ती थेट शरदात, पण हे अगोदरच येऊन थांबतात. या पहिल्या माशांसाठी लांबलांबून शौकीन येतात आणि छातीपर्यंतचे रबरी बूट चढवून गार पाण्यात दिवसभर उभे राहतात. नियम एकच, मासा धरा, बघा आणि पाण्यातच सोडून द्या. एकही मारायचा नाही. मासे उरलेत किती? जाळं तर लावायचंच नाही, त्याला माफी नाही.

खबर दिली ती अशाच एका शौकिनाने. म्हातारा मूळचा स्कॉटलंडचा, लहानपणापासून तिथल्या नद्यांवर वसंतातले सॅमन धरत आलेला. नदीकाठच्या एका लॉजवर उतरला होता. फोनवर नुसता फणफणत होता.

"तीन दिवस उभा राहिलो तेव्हा एक मासा लागला. खवल्यांना इजा नको म्हणून हात ओले करून सोडला त्याला. आणि जेवायला बसलो तर ताटात त्याचाच भाऊ! मालक म्हणतो, फार्मचा आहे, पाळलेला. अरे, मी जन्मभर सॅमन धरतोय. मला शिकवतोस?"

मी विचारलं, "फार्मचा नाही हे कशावरून?"

"फार्मचा मासा मऊ आणि तेलकट असतो. हा घट्ट होता. तुम्ही येताय की मी तुमच्या साहेबांना फोन करू?"

मी आणि माझी सहकारी, तिथलीच कोळ्यांच्या घरातली बाई, वॉरंट घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवर गेलो. मालक दारात आला तो मराठी बोलतच. माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव त्याने वाचलं असावं. मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधून बाहेर पडून लॉज घेतलेला. हॅलिफॅक्सच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला कायम पुढे, हे नंतर कळलं.

"अरे वा, आपला माणूस! या ना साहेब, आधी चहा घ्या."

चहा घेतला नाही. तेवढं एक शहाणपण त्या दिवशी केलं.

लॉजच्या बेसमेंटमध्ये स्वयंपाकिणीची खोली होती आणि त्या खोलीतल्या फ्रीझरमध्ये सॅमनची पाकिटं सापडली. मागच्या कचऱ्याच्या डब्यात डोकी, काटे आणि आतडी. माझ्या सहकारिणीने सगळ्याचे फोटो काढले, नमुने तपासणीला पाठवायला बांधले. मालकाने कपाळाला हात लावला.

"बाईंनी हे काय केलं? मी इतका विश्वास टाकला हो!"

स्वयंपाकीण पस्तिशीची, कुडाळकडची. हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसत उभी होती. मी तिला तिचे हक्क मराठीत समजावले. गप्प राहता येईल, वकील बोलावता येईल, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वकील नको, साहेबानू. माशे मीच आणलंय. नदीवर जाळा लावलंय."

"एकटीने?"

"होय, एकटीनच."

मी मराठीत प्रश्न विचारले, तिने मराठीत उत्तरं दिली, मी लिहून घेतलं, तिने सही केली. गाडीत बसल्यावर माझी छाती फुगली होती. सहकारिणीला म्हणालो, "बघितलंस? दुभाष्या लावला असता तर चार दिवस गेले असते. आपल्या भाषेत विचारलं की माणूस खरं बोलतो."

ती म्हणाली, "इतकं सोपं?"

"इतकं सोपं," मी म्हणालो. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

फाईल पूर्ण करायला बसलो तेव्हा फोटो टेबलावर मांडले. फ्रीझरमधल्या तुकड्यांचा फोटो बघितला, मग कचऱ्याचा. आणि बघतच राहिलो. पाकिटात होते ते साफ फिले, मधला काटा सबंध काढलेला, बारीक काटेसुद्धा चिमट्याने उपटलेले. आणि कचऱ्यात डोकी. गालांच्या मांसासकट आख्खीच्या आख्खी डोकी! शेजारी गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, तीही फेकलेली.

कुडाळची बाई माशाचं डोकं फेकेल? गाबोळी फेकेल? अहो, आमच्या घरी डोकं कोणाच्या ताटात जाणार यावरून भावाभावांत अबोला व्हायचा. आई मासा आडवा कापायची, काट्यासकट. फिले हा प्रकार तिला दाखवला असता तर म्हणाली असती, मासा आजारी होता काय? हे सगळं मला अंगणातल्या तुळशीइतकं ओळखीचं होतं, आणि मी त्या कचऱ्याच्या डब्यापाशी स्वतः उभा होतो! डोळे होते की बटणं?

मी ग्रोसरीतून डोक्यासकट एक फार्मचा सॅमन आणला. बाईला ऑफिसात बोलावलं. या वेळी तिच्या बाजूची वकील बाई शेजारी बसवली, तिला काय करणार ते आधी सांगितलं, कॅमेरा लावला. टेबलावर पाट, सुरी आणि मासा.

"हा साफ करून दाखवाल? जसा तुम्ही लॉजवर केलात, तसाच."

तिने सुरी उलटसुलट करून बघितली. "आडाळो नाय?" आडाळो म्हणजे आमच्याकडची विळी. नाही म्हटल्यावर तिने सुरीनेच खवले काढले, डोकं उतरवलं, उभं चिरून दोन भाग केले आणि आधी ते वाडग्यात ठेवले. मग बोटभर रुंदीच्या आडव्या तुकड्या, मधल्या काट्यासकट. हात असे चालत होते की मी क्षणभर मालवणात होतो.

मी विचारलं, "डोकं कचऱ्यात टाकू?"

ती खरोखर दचकली. "अरे देवा! टकली कोण टाकता? तिखला करूचा!" तिखला म्हणजे आमच्याकडचं तिखट कालवण.

मी कचऱ्याचा फोटो तिच्यासमोर सरकवला. तिने तो जवळ ओढला. मग तोंडाला लावायला एप्रन नव्हता, म्हणून दोन्ही हात लावले आणि रडायला लागली.

मग सगळं बाहेर आलं. जाळं मालकाचं. सकाळी धुकं असताना तो स्वतः लावायचा, मासे स्वतः कापायचा. व्हिडिओ बघून शिकला होता आणि त्याचा त्याला कोण अभिमान! गाडी दारात दिसली तसा तो पाकिटं घेऊन बेसमेंटमध्ये धावला होता. तिला म्हणाला, "तू हो म्हण. जस्ट अ टिकेट आहे, पार्किंगसारखं. दंड मी भरतो. नाही म्हणालीस तर लॉज बंद, तुझं परमिट बंद, आणि पीआरचं पत्र विसर."

तिचं वर्क परमिट त्याच्या लॉजला बांधलेलं. पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या, अर्जाला लागणारं नोकरीचं पत्र त्याच्या सहीचं. आणि कुडाळला सासूकडे तिची दहा वर्षांची मुलगी, आई कधी नेते याची वाट बघत. नवरा वारलेला. "मुलीक हंय आणूचा आसा, साहेबानू. दुसरा काय नाय माझा," ती म्हणाली. गुन्हा सिद्ध झाला असता तर तेच बंद होणार होतं. पार्किंगचं टिकेट म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने सांगितलं तिथेच, बोटींच्या शेडमध्ये लाइफ जॅकेटांच्या ढिगाखाली जाळं निघालं. त्यात खवले अडकलेले होते. नव्या वॉरंटवर मालकाचा फोन घेतला. त्यात त्याने स्वतःच काढलेला व्हिडिओ होता, हातात सुरी, पाटावर सॅमन, आणि पठ्ठ्याचा आवाज, "वाइल्ड, गाईज, नॉट फार्म्ड!" बावळट कुठला.

चौकशीच्या खोलीत वकील शेजारी असताना तो मला म्हणाला, "साहेब, आपण एका भाषेतली माणसं. इथे एकमेकांना सांभाळायचं नाही तर कोणी सांभाळायचं?"

मी इंग्रजीत म्हणालो, "तुम्ही तिला सांभाळत होतात का?"

पुढचे काही आठवडे मला घरी फोन येत होते. मराठी मंडळी गोड आवाजात म्हणायची, जाऊ द्या ना, माशांसाठी आपल्या माणसाचं नाव कशाला खराब करता? ती बाई आपली नव्हती वाटतं! एकाने सुद्धा तिचं काय झालं हे विचारलं नाही. एकानेही नाही! मी फोन आपटायचो. बायको म्हणायची, "बीपीची गोळी घेतलीत का?"

मालक दोषी ठरला. मोठा दंड झाला, जाळं आणि बोट जप्त झाली, नदीवर पाय ठेवायची बंदी आली. बाईवरचा आरोप मागे घेतला. छळ सोसणाऱ्या कामगारांना मिळतं तसं, कोणाकडेही काम करता येणारं मोकळं परमिटही तिला मिळालं आणि हॅलिफॅक्सच्या एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम लागलं. इथे गोष्ट संपली असती तर मी पेढे वाटले असते.

पण तिचा पीआरचा अर्ज अडकला. का? तर फाईलमध्ये एक कबुलीजबाब होता, तिच्या सहीचा आणि माझ्या अक्षरातला. तुम्ही गुन्हा केलात की अधिकाऱ्याशी खोटं बोललात, दोन्हीतलं काय, असं तिला विचारलं गेलं. मी पत्रं लिहिली. शपथेवर सांगितलं की चूक माझी होती, मी तपासलं नाही, नुसतं लिहून घेतलं. अर्ज शेवटी मंजूर झाला, पण फार उशिरा. दहा वर्षांची मुलगी आली तेव्हा चौदाची होती. विमानतळावर आईला ओळखलं तिने, पण हात धरला तो मागे उभ्या असलेल्या सोबतच्या बाईचा.

मी माफी मागायला तिच्या घरी गेलो. तिने चहा दिला, हा मी घेतला. म्हणालो, "माझ्यामुळे तुमची चार वर्षं गेली. मला वाटलं, मराठीत बोलताय म्हणजे खरंच बोलताय."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. कपात बघत म्हणाली, "साहेबानू, तुमी मराठीत इचारलास म्हणान तर खोटा सांगूक जमला. इंग्लिशीत इचारला असतास तर माका एवढा खोटा बोलूक शब्दच गावले नसते."

चहा संपवला आणि उठलो.

त्यानंतर नोकरीची जी वर्षं उरली त्यांत भारतातून आलेला कोणीही माणूस माझ्यासमोर कबुली द्यायला बसला की मी पेन खाली ठेवायचो. काय केलंस हे नंतर. आधी एवढंच विचारायचो, तुझे कागद कोणाच्या हातात आहेत?