पुराची तालीम

“चप्पल पायाशी, पोरं उशाशी, मगच डोळे मिट.” पावसाळा लागला की कस्तुरा हे इतक्यांदा म्हणायची, की तिनं तोंड उघडताच वस्तीतली पोरं वाक्य पुरं करायची. ती रागवायची नाही. हसणाऱ्याच्या घरातही पाणी शिरतं, एवढं पुटपुटायची आणि पुढं जायची.

पवनेच्या काठाला, पुलाच्या खालच्या अंगाला तिची पत्र्याची खोली. उन्हाळ्यात तिथं नदी दिसतच नाही. जलपर्णीचं हिरवं रान पसरलेलं असतं. पण वर मावळात पावसानं ठाण मांडलं आणि धरणाची दारं उचलली, की तीच नदी चिखलातून उठलेल्या म्हशीसारखी अंग झाडत वस्तीत येते. थोरली दीक्षा अंगावर पीत होती तेव्हा एका पहाटे ती अशीच आली. पोरीला डोक्यावर धरून कस्तुरा अनवाणीच पाण्यातून निघाली आणि बुडालेल्या पत्र्यानं तिचा तळपाय चिरला. चपलेचा मंत्र तेव्हापासूनचा.

पुढं ती कुरुळीच्या एका कंपनीत लागली. गाडीच्या वायरींना टेप गुंडाळायचं काम. तिथं अधूनमधून आगीच्या सरावाचा भोंगा वाजायचा, हातातलं टाकून सगळ्यांनी आवारातल्या हिरव्या पाटीखाली जमायचं आणि सुपरवायझरनं डोकी मोजायची. बाकीच्या बाया उन्हात उभं राहावं लागतं म्हणून कुरकुरायच्या. कस्तुराला ती गोष्ट अशी भावली की तिनं ती उचलून थेट घरी आणली.

पण घरची माणसं कंपनीतल्यासारखी वागतील तर ती घरची कसली! तिनं एक जुनं दप्तर खिळ्याला टांगलं. त्यात कागदपत्रं, औषधं, बॅटरी, शिट्टी आणि बिस्किटाचे पुडे. आठवडा होतो न होतो, बिस्किटं गायब.

“सम्यक!” तिनं धाकट्याला हाक मारली.

“उंदरानं खाल्ली असतील, आई.”

“उंदीर रिकामा पुडा घडी घालून परत ठेवतो का रे?”

बॅटरीतले सेल नवऱ्यानं, समाधाननं, भिंतीवरच्या घड्याळात घातले होते. “बंद पडलं होतं गं. वेळ कळायला नको?”

“पुरात घड्याळ बघत पोहणार आहेस का?”

शिट्टी सापडली ती गल्लीतल्या क्रिकेटमध्ये, अंपायरच्या गळ्यात.

तरी तिनं नेट सोडला नाही. दर रविवारी दार सताड उघडायची, शिट्टी फुंकायची. दीक्षानं दप्तर घ्यायचं, सम्यकचा हात धरायचा आणि मागं न बघता चढावरची महापालिकेची शाळा गाठायची. समाधान बनियनवर, चहाचा कप हातात घेऊन मागनं यायचा. शेजारची गोजाबाई उंबऱ्यावर बसून सगळा तमाशा बघायची.

“सुटली का गं तुझी कंपनी? आमी या नदीकाठी जल्मलो, पर कधी शिट्टी न्हाई फुकली.”

“म्हणूनच दरवेळी तुमच्या गाद्या भिजतात, मावशी.”

“भिजत्यात तर भिजत्यात! वाळवायला ऊन कुनाच्या बापाचं न्हाई.”

कस्तुरा कपाळाला हात लावायची. या माणसांना वाचवायचं तरी कसं?

श्रावणात एकदा रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी निरोप आला, शाळांना सुट्टी. कंपनीला सुट्टी नव्हती; कंपनीला पाऊस दिसत नाही. समाधान हिंजवडीकडं कॅब घेऊन उजाडायच्या आत गेलेला. कस्तुरानं पोळ्या झाकल्या, खिडकीच्या गजांशी उभं राहायचं नाही म्हणून बजावलं, आणि रोजच्या सवयीनं बाहेरून कुलूप घातलं. वस्तीत सगळ्याच नोकरदार बाया असंच करायच्या. पोरं आत, कुलूप बाहेर, चावी कमरेला, मग जीव निवांत.

मोशी मागं पडली आणि कंपनीच्या बसमधल्या सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजू लागले. धरणातून विसर्ग वाढवला होता, काठच्या लोकांनी हलावं असा संदेश होता. कस्तुराचा पहिला श्वास सुटकेचा होता. दीक्षाला सगळं येतं. दप्तर, हात, चढ. मग तिचा हात आपोआप कमरेला गेला आणि तिथंच थिजला.

“गाडी थांबवा!”

“मधे थांबत नाही, ताई,” ड्रायव्हर म्हणाला.

“पोरं कोंडलीत माझी! थांबव म्हणते ना!”

ती भर पावसात रस्त्यावर उतरली. समाधानला फोन लावला.

“दुसरी चावी माझ्याकडंच आहे गं, पण मी इथं जॅममध्ये अडकलोय. ना पुढं सरकतंय, ना मागं.”

“मग ती चावी घाल त्या तुझ्या घड्याळात!” तिनं फोन कापला आणि गोजाबाईला लावला. “मावशी, कुलूप फोडा.”

“फोडतीया की! वरवंटा तुटला, पर तुझं कुलूप काय हलंना. कसलं इकत आणलंस गं बाई?”

मागं वस्तीत चोरी झाल्यावर तिनंच बाजारातलं सगळ्यात भक्कम कुलूप निवडून आणलं होतं. मिळेल त्या रिक्षानं, टेम्पोनं ती परतली. वस्तीच्या तोंडाशी पाणी घोट्याला लागलं, खोलीपाशी पोटरीला. दारात गोजाबाई पदर खोचून उभी, फुटका वरवंटा हातात, आणि दाराच्या फटीतून आत बोलत होती, “रडू नगं रं माज्या वाघा, आली बघ तुजी आय.”

चावी दोनदा चुकली. दार उघडलं तर दोघं पलंगावर उभी, पायांत चपला, दप्तर दीक्षाच्या पाठीवर. खोलीत पाणी फिरत होतं. पोरीच्या ओठांवर शिट्टीचे वळ उठले होते.

“आई, सरावाला तू दार उघडंच ठेवायचीस,” दीक्षा म्हणाली. “बंद असलं तर काय करायचं, ते सांगितलंच नव्हतंस.”

 कस्तुरानं सम्यकला कडेवर घेतलं, दीक्षाचा हात धरला, गोजाबाईला पुढं घातलं आणि चढ चढली.

पाणी ओसरल्यावर समाधान नवं कुलूप घेऊन आला. “याची एक चावी गोजाबाईकडं देऊ.”

“आणि ती बाजारात गेलेली असली तर?”

“अगं, दिवस कसले आहेत! पोरं उघड्यावर टाकायची?”

“उघड्यावर नाही. दीक्षा आतून कडी घालेल. माणूस ओळखीचं बघून उघडेल. पाणी दिसलं तर कुणाला न विचारता उघडेल.”

“तुझं डोकं फिरलंय.”

“फिरलं होतं. आत्ता जागेवर आलंय.” तिनं पक्कड घेतली आणि बाहेरच्या चौकटीतला कोयंडा उपटून काढला. लाकडाला दोन भोकं तेवढी राहिली. त्या रविवारी तिनं दार लावून सराव घेतला. कडी जरा वर होती, तर तिच्याखाली स्टूल आणून ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा शाळांना सुट्टी पडली. कस्तुरानं डबा घेतला, छत्री उघडली आणि उंबऱ्याबाहेर क्षणभर घुटमळली. कमरेला आज काहीच नव्हतं, आणि ते नसणं तिला चावीपेक्षा जड लागत होतं.

“जा गं,” गोजाबाई म्हणाली. “मी हाय. बघती का घड्याळाकडं? बस जाईल.”

ती निघाली. बोळाच्या टोकाला वळताना तिनं मान वळवली नाही. वळवली असती तर ती गेलीच नसती. दार अर्धं उघडं धरून दीक्षा बघत राहिली. आईची छत्री चढावर दिसेनाशी झाली, तसं तिनं स्टूल ओढलं.