दुकान वर आलं

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घराचा जिना मला बंद झाला. सात रस्त्याजवळ आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. दुकान खाली, घर वर. लग्न होऊन आल्यापासून मी गल्ल्यावर बसत आलेली. आता खालून शटरचा आवाज यायचा, गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकू यायचं, शब्द मात्र कळायचे नाहीत. पलंगावर पडल्या पडल्या माझी नुसती चिडचिड व्हायची.

त्याच सुमारास ह्यांनी दुकानात कॅमेरे बसवायला घेतले. कारागिरानं चार कॅमेरे लावले, वायरी खिडकीतून वरच्या खोलीत आणून सोडल्या आणि घरचं लग्न म्हणून तो मोहोळला गेला. रेकॉर्डर आल्यावर जोडायला येतो म्हणाला. रेकॉर्डर दुसऱ्याच दिवशी आला. त्याचा खोका माझ्यासमोर टीपॉयवर तसाच पडून.

"आपणच जोडू की," मी म्हटलं.

"तुला येतंय?"

"शिलाई मशीन सगळं खोलून परत जोडते मी. इथं तर खोक्यातल्या कागदावर चित्रंसुद्धा काढून दिलीत."

ह्यांनी टीपॉय पलंगाला लावला. मशीनच्या स्क्रूड्रायव्हरनं मी रेकॉर्डरचं झाकण काढलं, हार्ड डिस्क आत बसवून स्क्रू आवळले, तिच्या दोन्ही केबली लावल्या. कॅमेऱ्यांच्या वायरी मागं खोचल्या, टीव्हीला जोडणी केली आणि बटण दाबलं. तर तो डबा पीं पीं करत ओरडायलाच लागला!

"घालवलंस," हे म्हणाले.

टीव्हीवर लिहून आलं होतं, डिस्क सापडत नाही. बंद केलं, झाकण पुन्हा उघडलं. एक केबल अर्धीच बसली होती. ती नीट आतपर्यंत दाबली. या वेळी डबा गप्प राहिला आणि त्यानं पासवर्ड मागितला.

ह्यांना दुकानाचं नाव द्यायचं होतं. "म्हणजे अख्ख्या बाजाराला कळू दे," मी म्हटलं. शेवटी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हे मला ज्या नावानं हाक मारायचे, ते दिलं. इतक्या वर्षांत ते नाव दोघांपैकी कुणी उच्चारलं नव्हतं. टाइप करताना हे चक्क लाजले. ते नाव मी इथंही लिहिणार नाही.

तारीख-वेळ लावली, डिस्क फॉरमॅट केली आणि टीव्हीचे चार भाग झाले. दार, गल्ला, चादरींची मांडणी, मागची खोली. माझं दुकान! हे धावत खाली गेले आणि गल्ल्याच्या चौकटीत उगवले.

"दिसतोय का?" खालून हाक आली.

"दिसताय की! टक्कलसुद्धा दिसतंय!"

ह्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि वर कॅमेऱ्याकडं बघून हसले.

दुपारी करकंबची आमची जुनी गिऱ्हाईक आली. लेकीच्या लग्नासाठी चादरी घ्यायच्या होत्या. ती माझ्याशिवाय कधी कपडा पसंत करायची नाही. ह्यांनी मला फोन लावून तिच्या हातात दिला आणि कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं.

"वैनी, तुमी त्यातनं बघताय व्हय?" तिनं पदर सारखा केला.

"बघतेय. दाखवा चादर."

मग ती एकेक चादर दोन्ही हातांनी उंच धरून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. चादरीमागं ती पुरती झाकून जायची, खाली फक्त पावलं दिसायची. "ही? का ही?" फोनमधून आवाज यायचा. टीव्हीत लाल आणि मरून सारखेच दिसत होते, त्यामुळे रंग तिलाच विचारावे लागले. नक्षी मात्र मी निवडली. मोराची.

खरेदी झाल्यावर तिला राहवेना म्हणून ती जिना चढून वर आली. पलंगाच्या कडेला टेकली, गुडघ्याची चौकशी केली. मग तिचं लक्ष टीव्हीकडं गेलं. खाली हे तिनं बघून टाकलेल्या चादरींच्या घड्या घालत होते. एका चादरीची घडी उलटी घातली, उघडली, परत उलटीच घातली.

"लई दमत्यात की वो," ती म्हणाली.

"जरा दमू द्या," मी म्हटलं. तिला हसू आवरेना, आणि मलाही.