कॅमेरा नको, आवाज हवा

"काकाजी, आवाज कमी करा, अख्खा कॅम्प-1चा बाजार ऐकून राहिला!" मूळचा आपल्या वर्ध्याकडचा दुकानदार ओरडला. मी एकेका स्वस्त फोनची घंटी वाजवून पाहत होतो. तीस वर्षं इथल्या पोलाद प्लांटच्या भट्टीपाशी काढलेल्या माझ्या कानाला तोफेपेक्षा हळू काही ऐकूच येत नव्हतं. "याचा कॅमेरा मस्त आहे." "कॅमेरा काय चाटू? मले माझ्या पुण्यातल्या पोराचा फोन चुकवायचा नाही." शेवटी घेतला तो असा, की वाजला तर शेजारच्या दुर्गच्या म्हशी दावं तोडतील. प्रीपेड सिमही त्यानंच घालून दिलं; नवा नंबर मी लगेच पोराला कळवला. आठ दिवस रिसालीतल्या माझ्या रिकाम्या घरात तो उशाशी घेऊन झोपलो, मग तणतणत दुकान गाठलं: "हा वाजतच नाही!" त्यानं स्वतःच्या फोनवरून लावला. सारा बाजार दचकला. "वाजून तर राहिला, काकाजी. कोणी लावला नसेल."