बैलबाजाराचं झाकण

छापखान्यात किस्से रद्दीसारखे साठतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण मागची बाजू कोरी आहे म्हणून फेकूनही देत नाही. आमच्या नगरच्या छापखान्यातली माझी सगळी रद्दी एका खोक्याच्या झाकणाभोवती साठली. झाकण वीतभर, भांडणं हातभर!

आधी माणसं सांगते. मालक नाना. चाळीस वर्षं लग्नपत्रिका छापत आलेले, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू लग्नपत्रिकेसारखी दिसावी असं त्यांचं प्रामाणिक मत. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे दौलतमामा, मूळचे घोडेगावचे. आणि मी, देवळाली प्रवऱ्याची, बी.ए. होऊन पत्रिकांची प्रुफं तपासणारी. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' हे मी इतक्यांदा वाचलं होतं की श्रींनाही कृपेचा कंटाळा आला असेल.

त्या कंटाळ्यातून मी एक खेळ तयार केला. 'बैलबाजार'. पटावर घोडेगावचा बाजार, फासे टाकायचे, पुठ्ठ्याचे बैल घ्यायचे आणि विकायचे. नाना दौलतमामांशी खेळले, तीनदा हरले आणि चौथ्यांदा खेळता यावं म्हणून छापायला तयार झाले. पण अट घातलीच.

"शंभर खोकी बन्सीशेठच्या दुकानात ठेवू. दिवाळीच्या सुटीत संपली तर दुसरा खेळ कर. नाही संपली तर तू, तुझी प्रुफं आणि श्रीकृपा!"

बन्सीशेठचं वह्या-खेळण्यांचं दुकान कापडबाजारात. तिथे खोकं उघडून दाखवायची पद्धत नाही. गिऱ्हाइकाला दिसणार फक्त झाकण. म्हणजे माझं सगळं नशीब त्या झाकणावर!

*

झाकणावर काय हवं, याची यादी नानांनी स्वतः सांगितली. वर गणपती, मध्ये शेतकरी, शेजारी ट्रॅक्टर, मागे मुळा नदीवरचं नवं धरण, उसाचा फड, हसणारी दोन मुलं आणि कोपऱ्यात भारताचा नकाशा.

"नाना, हे झाकण आहे, भिंत नाही!"

"तू शिकलेली आहेस ना? मग बसव."

मी चिडून खरंच सगळं बसवलं. दौलतमामांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"ताई, लई झ्याक. पन बैल कुटं हाय?"

बैल धरणाच्या मागे गेला होता. शेपटी तेवढी दिसत होती.

नाना शांतपणे म्हणाले, "बैल आत आहेत की, खोक्यात!"

*

मग मी हट्टाने साधं झाकण केलं. मध्ये फक्त नाव, भोवती मोकळी जागा. नमुन्याची पाच खोकी छापायला देऊन मी दोन दिवस घरी गेले. तीच चूक झाली.

आमच्या छापखान्यात कोरी जागा म्हणजे आजार. दौलतमामांना ती दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. परत येऊन बघते तर चारी बाजूंनी वेलबुट्टी, दोन्हीकडे केळीचे खांब, वर कलश आणि 'श्री गजानन प्रसन्न'!

"मामा, हे काय?"

"मोकळं हुतं, ताई. लोक म्हन्ले असते, खिळे संपले काय?"

खोकी दुकानात गेलीसुद्धा होती. बन्सीशेठने झाकण पाहिलं आणि आपल्या बुद्धीने ती कापूर-उदबत्तीच्या शेजारी मांडली. तिसऱ्या दिवशी एक बाई तणतणत खोकं परत घेऊन आल्या.

"पूजा खोळंबली की आमची! आत नुसतीच बैलं हायेत, कापराची एक वडी न्हाई!"

*

आता चित्रकारच आणू, असं नानांनी ठरवलं. थिएटरवरचे मोठे बोर्ड रंगवणारा एक पेंटर त्यांच्या ओळखीचा होता. त्याला सांगितलं, एकच बैल काढ, मोठा, झाकण भरून.

त्याने काढला. पण जन्मभर नायिका रंगवलेला हात तो. बैलाच्या पापण्या लांब, गाल गुलाबी, मान किंचित कललेली, नजर तिरपी. गळ्यात घुंगरमाळ होती, ती मोत्यांची वाटत होती.

नाना खूश. "काय भाव आहेत चेहऱ्यावर!"

दौलतमामांनी चित्र दोन हात लांब धरून बघितलं. मग म्हणाले, "ह्यो औताला न्हाई जायचा. ह्यो बागंत जाऊन गानं म्हनंल."

*

शेवटी मी स्वतः खिलार बैल काढला आणि बाजाराच्या दिवशी दौलतमामांबरोबर घोडेगावला गेले. चित्र चारचौघांना दाखवावं, बघून खेळ घ्यावासा वाटतो का ते विचारावं, एवढाच हेतू.

पहिल्याच शेतकऱ्याने कागद हातात घेतला आणि बैलाचं वय विचारलं, "दाती किती हाय?"

"अहो, चित्र आहे ते!"

"चित्र आसंल, पन मागचा पाय बघा. लंगडंल ह्यो."

दुसऱ्याने वशिंड बारीक ठरवलं. तिसऱ्याने पाठीवर अशुभ भोवरा शोधला. दहा मिनिटांत माझ्या बैलाभोवती वीस माणसं, आणि खेळाबद्दल एकही शब्द नाही! जिथे लोकांना सगळं कळतं, तिथे दाखवायला गेलं की फक्त खोडी निघतात.

एवढ्यात ती वीसच्या वीस माणसं एकदम वळली. पलीकडे दोघे समोरासमोर उभे होते. एकाने उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं. घोडेगावच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. ठरला तो भाव त्या दोघांत राहतो. वर फक्त कापड हलतं.

त्या कापडात बघण्यासारखं काही नव्हतं. तरी वीस माणसं श्वास धरून त्याच्याकडे बघत होती. मीसुद्धा!

मी तिथेच माझा बैल फाडला. दौलतमामा हळहळले. "आवो ताई, पाय दुरुस्त केला आस्ता!"

*

नवं झाकण असं होतं. दोन बाजूंनी आलेली दोन मनगटं, त्यांच्यावर एक लाल उपरणं आणि खाली ठळक अक्षरांत 'बैलबाजार'. बस.

नाना उसळले. "बैलबाजार, आणि बैलच नाही? लोकांना काय कळणार?"

"काही कळणार नाही. म्हणून तर उचलून बघतील!"

"चाळीस वर्षं छापतोय मी!"

"पत्रिका, नाना! तिथे नवरी आधीच ठरलेली असते. इथे झाकणालाच सोयरीक जमवायची आहे."

नाना आणखी उसळले. पण मला एक युक्ती सुचली. मी त्यांना रस्त्याच्या पलीकडे उभं केलं, त्यांचा चष्मा काढून घेतला आणि अलीकडून झाकण दाखवलं. म्हटलं, जे दिसेल ते ठेवू, जे दिसणार नाही ते काढू.

"काय दिसतं?"

"लाल काहीतरी आहे. फडकं. खाली बैलबाजार."

"आणि तळाला?"

"तळाला काही नाही."

तळाला, छापखान्याच्या शिरस्त्याप्रमाणे, त्यांचं स्वतःचं नाव होतं, 'मुद्रक आणि प्रकाशक'सकट.

"मग काढू का, नाना?"

पलीकडून आवाज आला, "आधी माझा चष्मा दे!"

नाव शेवटी खोक्याच्या बुडावर गेलं.

*

दिवाळीची सुटी लागली. शंभर खोकी बन्सीशेठच्या फळीवर ओळीने उभी राहिली. बन्सीशेठ कडक माणूस. दुकानात पाटी, 'एकच भाव'. घासाघीस करणाऱ्याला तो पाणीसुद्धा विचारत नसे.

पहिला दिवस गेला. लोक थांबत, बघत, पुढे जात. दुसरा दिवसही तसाच. तिसऱ्या दिवशी नाना दुकानासमोर येऊन उभे राहिले आणि आत बसलेल्या मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "सोमवारपासून पत्रिकांचा हंगाम आहे."

मी फळीवरची खोकी उगीच सरळ करत राहिले.

इतक्यात एक म्हातारे गृहस्थ नातवासाठी पाटी घ्यायला दुकानात आले. डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं. पाटी घेता घेता त्यांची नजर फळीवर गेली. वाचता येत नसावं, कारण अक्षरांवर त्यांचे डोळे थांबलेच नाहीत. ते झाकणावरच्या दोन मनगटांकडे बघत राहिले. हसले. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, बन्सीशेठचा हात ओढून घेतला आणि त्यावर टाकलं!

बन्सीशेठने वर 'एकच भाव'च्या पाटीकडे बघितलं. मग समोर म्हाताऱ्यांकडे. कापड हलायला लागलं.

रस्त्यावरची माणसं थांबली. मिठाईवाला कढई सोडून आला. बन्सीशेठच्या कपाळावर घाम आला, भुवया वर गेल्या, खाली आल्या, मग एकदम चेहरा खुलला. दोघांनी हात सोडवून घेतले. म्हाताऱ्यांनी खोकं काखेत मारलं आणि ते चालायला लागले.

त्यांच्या मागे आणखी पाचसहा जण उभे होते. प्रत्येकजण आपापलं उपरणं खांद्यावरून उतरवत होता.

नाना गर्दीतून वाट काढत पुढे घुसले. "बन्सीशेठ, अहो, केवढ्याला गेलं?"

बन्सीशेठने पुढच्या गिऱ्हाइकासमोर हात केला आणि नानांकडे न बघताच म्हणाला,

"नाना, ते सांगायचं नसतं!"